निळा तेवढा काढून ठेवजो

सेलूजवळच्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना आहे. छापखाना म्हणजे एक जुनं मशीन, कागदाचे गठ्ठे आणि दांडा दाबला की बिल्ला तयार करणारा लोखंडी साचा. मी पत्रकं वाचतच वाचायला शिकले. चौथीत रजेच्या अर्जाची सुरुवात मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ अशी केली होती आणि शेवटी ‘प्रचंड संख्येने उपस्थित राहा’ असं लिहिलं होतं. बाईंनी रजा दिली नाही.

बिल्ले बाबा सगळ्यांचेच छापतात. मंडळवाले, पक्षवाले, लग्नातले स्वागतवाले. उरलेल्यांतले मला पटतील तेवढे माझ्या पिशवीच्या पट्ट्यावर येतात. ‘प्रश्न विचारा’ आहे, ‘घरकाम सगळ्यांचं’ आहे, एक मांजर आहे, कारण मांजरीशी माझे मतभेद नाहीत. आणि सगळ्यांच्या वर, खांद्याजवळ, निळा, चक्राचा.

गेल्या वर्षी मला वर्ध्याच्या एका शिकवणी वर्गात नोकरी लागली. वर्ग सुटेपर्यंत गावाची शेवटची बस निघून गेलेली असायची. वर्ध्यात खोली मिळाली नाही तर नोकरी सोडावी लागणार, एवढं साधं होतं.

पिपरी मेघेत एक खोली असल्याचं कळलं. बाबा मला गाडीवर घेऊन निघाले आणि त्या गल्लीच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

“बिल्ले काढ.”

“तुम्हीच छापलेत.”

“म्हणूनच सांगून राह्यलो. कोणते कुठं लावाचे, मले समजते.”

“‘अन्यायापुढे मान तुकवू नका’ हे कोणी छापलं?”

“ते पत्रक होतं,” बाबा म्हणाले. “हे खोली हाय.”

मी काही काढलं नाही. बाबांनी सुस्कारा सोडून गाडी चालू केली.

घरमालकीण काकू पोर्चमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. खोली पाहिली. स्वतंत्र दार, स्वतंत्र नळ, खिडकीतून कडुनिंब. पायी गेलं तर वर्ग अगदी जवळ. मी मनात टेबलसुद्धा मांडलं. परत आलो तेव्हा काकूंनी मेथी बाजूला ठेवून माझा पट्टा हातात घेतला आणि मेथी निवडावी तसे बिल्ले एकेक करून पाहायला घेतले.

“हे काय लिवलं वो, बाई?”

“प्रश्न विचारा.”

“कोणाले? मले?” त्यांनी बाबांकडे पाहिलं. “भाड्यानं राहून मलेच प्रश्न?”

“सरकारले,” बाबा घाईनं म्हणाले.

“मंग राहू दे. हे मांजर?”

“मांजर आहे.”

“खरं पाळत तं नाई ना? मंग चालंन.” ‘घरकाम सगळ्यांचं’ हा त्यांनी दोनदा वाचला आणि आतल्या खोलीकडे, जिथे काका टीव्ही बघत होते, पाहत म्हणाल्या, “हा असला अजून एखांदा हाय का?”

मग बोट निळ्यावर आलं आणि थांबलं.

“माह्यं काही म्हणनं नाई,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “पण वरचे भाडेकरू, शेजारचे... लोक बोलतात. तू असं करजो, फाटकाच्या आत येताना निळा तेवढा काढून ठेवजो. बाहेर गेली का मंग लाव ना बापा, मी काऊन नाई म्हनू?”

माझ्या ओठांवर अख्खं पत्रक आलं, मथळ्यासकट. पण माझ्याआधी बाबा बोलले.

“ताई, पोरगी काढंन बी. पण मी भेटाले येईन, तवा माह्यं तोंड फाटकावर कुठं काढून ठेवू?”

काकूंनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. त्यांनी चहा घ्या म्हटलं. बाबांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. त्या वळणावर त्यांनी पुन्हा गाडी थांबवली. मला वाटलं, आता शाबासकी. “नळ चांगला होता,” ते म्हणाले.

संध्याकाळी नालवाडीत दुसरी खोली पाहिली. घरमालक आमच्यातलेच, निवृत्त बाबू. दार उघडताच त्यांनी निळा बिल्ला पाहिला आणि मोठ्यानं जयभीम घातला. मी निश्चिंत झाले. तेवढ्यात त्यांनी चष्मा लावला.

“कडेला पांढरी रेघ? हा तं त्या गटाचा हाय!”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते. ऑर्डरमधला उरलेला दिला होता त्यांनी, रेघेकडे लक्ष न देता.

“त्या गटानं समाजाचं वाटोळं केलं. हा काढ, आपला देतो.”

“काका, मी आज एकदा काढला नाही,” मी म्हणाले. “आता तुमच्यासाठी कसा काढू?”

दिवसभर गिळलेलं सगळं मग बाहेर आलं. मी बोलले, ते बोलले, मी टेबलावर हात आपटला, त्यांनीही आपटला. त्यांची बायको दोनदा येऊन पाणी ठेवून गेली. शेवटी काका दमून खुर्चीत टेकले.

“हिले खोली द्या लागते,” ते बायकोला म्हणाले. “दुसरीकडं गेली तं सुधरावं कोनं?”

खोली अंधारी आहे, नळ सामाईक आहे, खिडकी काकांच्या अंगणात उघडते. वर्ग सुटला की मी चालत येते, कुकर लावते, आणि ते अंगणात खुर्ची ओढून त्या गटाच्या चुका पहिल्यापासून सांगायला घेतात. मी खिडकीतून उत्तरं देते. शिट्ट्या सुरू झाल्या की काही ऐकू येत नाही. तरी आम्ही दोघंही बोलायचं थांबत नाही.