तुळशीशेजारचा खड्डा

बंगल्यात गारवा आणायचं काम मला मिळालं, तेव्हा कर्जत-खालापूर भागात माझ्याएवढा हुशार वायरमन दुसरा नव्हता. दुसरा वायरमनच नव्हता म्हणा. पण ते मी कोणाला सांगत नसे.

महायुद्ध संपून वर्ष झालं असेल. खालापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या एका शेटचा बंगला होता. खोपोलीचं वीजघर जवळ, त्यामुळे बरीच खटपट करून त्यांनी विजेचे खांब दारापर्यंत आणले होते. लष्कराच्या लिलावातून त्यांनी थंड हवेचं एक यंत्र उचललं होतं, बैलगाडीत जेमतेम मावलेलं लोखंडी धूड. ते मागच्या पडवीत बसवायचं आणि पत्र्याच्या नळांतून तीन खोल्यांत एकदम गार हवा सोडायची. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. तरी शेटनी "जमेल का?" विचारल्यावर मी "उद्यापासून लागतो" म्हणून मोकळा झालो.

आणि जमलं. ओटा बांधला, पाणसळ लावून यंत्र सपाट बसवलं, गॅसच्या नळ्यांचे सांधे साबणाचा फेस लावून तपासले. एकाही जागी बुडबुडा आला नाही. अडलं ते फक्त एका खड्ड्यावर.

यंत्राच्या लोखंडी अंगाला जाड तांब्याची तार जोडून ती जमिनीत खोल पुरावी लागते. आत कुठे वीज गळली, तर ती या तारेनं जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडतं. तार नसेल, तर तीच वीज हात लावणाऱ्या माणसातून जाते. कर्जतला पिठाच्या गिरणीत माझ्याबरोबर काम शिकलेला एक दोस्त असाच मोटारीला चिकटून गेला. ती बातमी त्याच्या आईला सांगायला मीच गेलो होतो. तेव्हापासून या तारेच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नसे.

इथे तर हात लावणारं माणूस मला समोरच दिसत होतं. रखवालदाराची बायको पडवी रोज पाण्यानं धुवायची, आणि शेटना चकाकी आवडते म्हणून यंत्र ओल्या फडक्यानं पुसायची. तेही अनवाणी.

खड्डा खणला, तारेला जोडलेला तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ भरलं. पण इथली जमीन मुरमाड, उन्हाळ्यात भाजून निघते, आणि कोरडी जमीन वीज नीट घेत नाही. यंत्रातून ठिबकणारं पाणी खड्ड्यात सोडावं, तर शेट येणार शनिवार-रविवार. बाकीचे पाच दिवस ठणठणाट.

"वहिनी, या खड्ड्यात रोज एक कळशी पाणी ओता," मी रखवालदाराच्या बायकोला सांगितलं.

"दगडात पानी वतून काय उगवनार हाय, मिस्तरी?"

"काही उगवायचं नाही. तुमचा जीव वाचेल."

"माज्या जीवाला काय झालंय? हिरीवरनं कळशी आनताना कंबारडं मोडतंय, ते बगा."

शेट हसले. "गार हवा येतेय ना? मग खड्ड्याचा एवढा बाऊ कशाला?"

आठ दिवसांनी मी तपासायला गेलो. तपासणी सोपी असते. बल्बचं एक टोक विजेला लावायचं, दुसरं जमिनीतल्या तारेला. खाली ओल असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. माझ्या बल्बमधली तार नुसती लाल झाली. खड्डा खडखडीत कोरडा होता. माझं डोकंच फिरलं. यंत्राचा फ्यूज काढून खिशात घातला आणि भांडायच्या तयारीनं रखवालदाराच्या झोपडीकडे निघालो.

दारात एका गंजक्या डब्यात तुळस होती. वैशाखात सगळं रान करपलेलं, आणि ती हिरवीगार. डब्याखाली ओल पसरलेली. भांडण माझ्या तोंडातच राहिलं. कंबरडं मोडतंय म्हणणाऱ्या त्या बाईनं तुळशीला एक दिवसही तहानलेलं ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विटा आणि चुना घेऊन आलो. खड्ड्यापासून दोन हातांवर लहानसं वृंदावन बांधलं. मीठ तुळशीच्या मुळाशी जाऊ नये म्हणून तेवढं अंतर ठेवलं. तळाला भोक, भोकातून खापराची नळी, आणि नळीचं दुसरं तोंड खड्ड्यात.

"वहिनी, तुमची तुळस इथं लावा. पण वृंदावन खोल आहे, हिला तांब्याभर पाण्यानं भागायचं नाही. रोज कळशी लागेल."

नळी कशाला, ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिनं आंघोळ करून तुळस आणून लावली, हळदकुंकू वाहिलं. पुढच्या शनिवारी माझा बल्ब झगझगीत पेटला, आणि मी फ्यूज परत बसवला.

वर्ष गेलं. उन्हाळ्यात एका शनिवारी रखवालदार सायकल हाणत माझ्याकडे आला. शेटनी खटका दाबला, फाट् आवाज झाला आणि यंत्र बंद पडलं, असं म्हणाला. जाऊन झाकण उघडलं. उंदरानं तारेवरचं रबर कुरतडलं होतं आणि उघडी तार सरळ लोखंडाला टेकली होती.

"खटका दाबला तेव्हा यंत्राजवळ कोण होतं?" मी विचारलं.

"मीच. पुशीत व्हते की," वहिनी म्हणाली. "हाताला जराशा मुंग्या आल्या."

ओलं फडकं अजून यंत्रावरच पडलं होतं. मी ओट्यावर बसलो. गिरणीतला दोस्त आठवला. आणि ही बाई माझ्यासमोर पदराला हात पुसत उभी होती. मला रडू आलं. मी घाम पुसल्याचं सोंग केलं.

"म्हणजे ही मेली असती?" उघडी तार पाहून शेटचा चेहरा उतरला होता.

"असती."

आता मी सगळं सांगणार होतो. पत्रा, कोळसा, मीठ, नळी आणि माझी अक्कल. वर्षभर हे कोणाला तरी सांगायला मी तडफडत होतो. तेवढ्यात वहिनी वृंदावनापाशी गेली आणि तिनं हात जोडले.

"तुळसामायनं राखलं मला."

तिच्यामागे शेटनीही हात जोडले. खरं सांगतो, मला त्या झाडाचा राग आला. मग मनात आलं, मी आत्ता तोंड उघडलं, तर उद्यापासून तुळशीला तांब्याभर पाणी मिळेल आणि खड्ड्याला काहीच नाही.

"मिस्तरी, आजपासनं दोन कळशा घालनार बगा तिला," ती म्हणाली.

मी पक्कड पिशवीत टाकली.

"घाला, वहिनी," म्हणालो. "रोज घाला."