मिलिंदचं ‘येतो’

मिलिंदच्या बायकोचा, शुभांगीचा, फोन आला तेव्हा मी सिडनीत, गिरावीनच्या भारतीय दुकानाबाहेर गाडीत सामान ठेवत होतो. मिलिंदचा शोध आदल्या दिवसापासून चालू होता. “सापडला,” ती म्हणाली. मी “हुश्श” म्हणालो... तिचं पुढचं वाक्य येईपर्यंत मला खरोखरच बरं वाटलं होतं.

मिलिंद आणि मी युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, असताना एका खोलीत राहिलो. पुढे मी सिडनीत चिकटलो, तो टूवूंबाच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागला आणि तिथल्या मोकळ्या रानाचं त्याला वेड लागलं. सेकंडहँड फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, ती कधी धुतली नाही. सुट्टी मिळाली की पश्चिमेकडच्या एका अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून जायचा. रानमांजरांपासून वाचवायला कुंपणाच्या आत बिल्बी सोडले होते; सशाचे कान लावलेला उंदीरच तो. त्यांच्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायचं काम हा फुकटात करायचा आणि वर पेट्रोल स्वतःचं जाळायचा.

एकदा मलाही नेलं. लाल मातीत चाकांची हवा कमी करून दिवसभर माझी हाडं खिळखिळी केली आणि शेवटी वाळूत गुडघे टेकून चार ठसे दाखवले. “प्राणी कुठंय?” मी वैतागून विचारलं. “असू दे रे. आहे ना तो, बास.” परतताना रस्त्यात म्हणाला, “गाडी रुतली तर गाडी सोडायची नाही, मेट. चालत सुटलेला माणूस सापडत नाही, गाडी सापडते. घरी माहीत असलं की झालं.” सॅटेलाइट फोन घे म्हटलं, तर “पुढच्या ट्रिपला, नो वरीज.” फोन घ्यायची ती ‘पुढची’ ट्रिप कधी आली नाही.

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. मिलिंद तर शिफ्टला जातानाही “येतो गं” म्हणायचा. लहानपणी अन्वी, त्याची मुलगी, गोंधळून विचारायची, “बट बाबा, यू आर गोइंग!” आम्ही हसायचो.

या उन्हाळ्यात तो तिकडे गेला. अभयारण्याच्या मुक्कामाजवळ एकच टेकाड आहे, जिथे फोन लागतो. तिथून तो दर वेळी रानात आत शिरण्याआधी शुभांगीला मेसेज करायचा. शेवटचा मेसेज एका शब्दाचा होता. “येतो.” तिने लगेच लिहिलं, “ये. सांभाळून.” तिला वाटलं, नेहमीसारखा आत चाललाय, आता काही दिवस फोन लागणार नाही. मीही तसंच वाचलं असतं. तो मात्र घरी यायला निघाला होता. फाटकावरच्या फळीवर त्याने आपल्या नावाची पट्टी ‘बाहेर’कडे फिरवली, म्हणून तिथल्या लोकांनाही तो गेला असंच वाटलं. जाता जाता एक शेवटचा कॅमेरा बघायला तो कुंपणाच्या जुन्या वाटेला वळला आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतला. रेडिओची हाक तिथून कुणापर्यंत पोचत नाही. ठरल्या दिवशी तो घरी पोचला नाही, तेव्हा कुठे शुभांगीने तिथे फोन केला आणि शोध सुरू झाला.

तो गाडी सोडून गेला नाही. बॉनेट उघडून ठेवलं, चाकांमागची वाळू उपसून पाहिली आणि मग गाडीच्या सावलीत वाट बघत बसला. पाण्याचे सगळे कॅन रिकामे होते. शुभांगीचं उत्तर त्याने वाचलं होतं. म्हणजे घरी माहीत आहे, शोधायला लोक निघाले असतील, याच भरवशावर तो बसून राहिला... हे मला सहन होत नाही, आणि मला त्याचा रागही येतो. एक शब्द जास्त लिहिला असता तर काय बिघडलं असतं?

टूवूंबात त्याच्या अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यांत आम्ही सगळ्यांनी बुद्धवंदना म्हटली. शुभांगीचे ओठ हलत नव्हते.

परवा पुन्हा गेलो होतो. लाल धुळीची ती गाडी ओढून आणून ड्राइव्हवेत उभी केली आहे. शुभांगी चहा करता करता म्हणाली, “मी त्याला ‘ये’ म्हटलं रे. आणि आणायला कुणाला पाठवलंच नाही.” मी म्हटलं, तुझी चूक नाही. तिने ते ऐकलं नाही. तेवढ्यात अन्वी बॅग घेऊन बाहेर पडली. “आई, जाते. युनीला. आरव्होला बॅक.” म्हणजे दुपारी परत. आपल्या घरात कुणी असं बोललं की अंगावर काटा येतो. शुभांगीने नुसती मान हलवली.

निघताना मी चपला घातल्या आणि सवयीने “ये...” म्हणून थांबलो.

“जातो म्हण,” शुभांगी म्हणाली. “कुठे, तेही सांग.”

“जातो,” मी म्हणालो. “सिडनीला, घरी.”

ती ‘ये’ म्हणाली नाही. गाडी वळेपर्यंत दारात उभी होती.