पाचव्या डावातला हिट

एल्म फोर्क गावात डेल्बर्ट क्रुप्काला चाळीस वर्षं कॉफी फुकट मिळाली, आणि तीही न घडलेल्या गोष्टीपायी.

डेल्बर्ट गावच्या बेसबॉल संघाचा पिचर. हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा, उन्हाळ्यात चेंडू फेकायचा. त्यातली बस जरा सरळ जाते, असं त्याची बायकोच म्हणायची. चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत एका शनिवारी दुपारी मात्र त्याच्या हाताला काय झालं कोण जाणे. सात डाव संपले तरी पाहुण्यांच्या नावावर एकही हिट नाही, म्हणजे निव्वळ टोल्याच्या जोरावर कुणी बेस गाठलेला नाही. नऊच्या नऊ डाव असे गेले की त्याला नो-हिटर म्हणतात. पण सामना चालू असताना तो शब्द कुणी काढायचा नाही. काढला की गेलंच सगळं. त्यामुळे अख्खं मैदान मूग गिळून बसलं होतं. दर रविवारी अंधश्रद्धेला तासभर झोडपणारे पाद्रीबुवासुद्धा.

आठव्या डावात तिसऱ्या रांगेतून नऊ वर्षांच्या इंगा हॉगेननं खणखणीत आवाजात विचारलं, "आई, नो-हिटर झाला असता तर मिस्टर क्रुप्कांचा फोटो पेपरात आला असता ना गं?"

पुढच्याच चेंडूवर हिट बसला.

गावानं खापर फोडलं ते थेट पोरीच्या डोक्यावर. बेकरीवाल्या बाई तिच्या आईला म्हणाल्या, "तुमच्या पोरीच्या जिभेला हाड म्हणून नाही!" शाळेतली पोरं तिला खेळायला घेईनात. शेवटी डेल्बर्टनंच मोठं मन करायचं ठरवलं. पेपरवाल्या फोटोग्राफरला फाटकापाशी उभं करून तो हॉगेनांच्या घरी गेला.

"मी तुला माफ केलंय हं, बाळ," तो म्हणाला.

"कशाबद्दल?" इंगानं दर सामन्याचे गुण टिपायची आपली वही त्याच्यापुढे सरकवली. "पाचवा डाव बघा. तो चेंडू दुसऱ्या बेसवरच्या माणसाच्या हाताला लागलासुद्धा नाही. मग त्याच्या हातून सुटला कसा? हिट होता तो! ऑर्विलकाकांनी त्या माणसाची चूक म्हणून लिहिला, म्हणून तो हिटमध्ये धरला नाही. माझ्या वहीत हिट आहे. नो-हिटर तेव्हाच संपला होता, म्हणून तर मी तो शब्द बोलले. नाहीतर बोलले असते का? मी काय येडी आहे?"

ऑर्विल हा संघाचा अधिकृत गुणलेखक आणि डेल्बर्टचा सख्खा मेहुणा. तो चेंडू डेल्बर्टनंही पाहिला होता.

"'झाला असता' म्हणालीस तू," तो हळूच म्हणाला.

"मग! लोकांना व्याकरण येत नाही त्याला मी काय करू?"

"ही वही कुणाला दाखवलीस?"

"कुणी मागितलीच नाही."

फोटोग्राफरला त्यानं तसंच परत पाठवलं. पुढच्या शनिवारी मैदानावर त्यानं तिच्या हातात ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्यांची पुडी ठेवली.

"ही लाच आहे ना?" इंगानं विचारलं.

"हो."

"मग दोन पुड्या आणत जा."

पुढे त्यानं खेळ सोडला आणि तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी बसू लागला. आधी वहीवर नजर ठेवायला, मग सवयीनं, आणि मग तिच्याशिवाय शनिवार जाईना म्हणून. तिच्या लग्नात तो तिच्या आईपेक्षा जास्त रडला. त्याची बायको गेली तेव्हा इंगा महिनाभर रोज सूप घेऊन यायची आणि एक शब्द न बोलता शेजारी बसायची. ऑर्विल वारल्यावर गुणलेखकाची खुर्ची तिला मिळाली. "हिनं तोंड उघडण्यापेक्षा लिहिलेलं बरं," असं गाव म्हणालं.

डेल्बर्ट मात्र कॉफीच्या टेबलावर आपली हुकलेली कीर्ती रंगवून सांगायचा. प्रत्येक वेळी त्या गोष्टीत इंगा असायची, आणि घरी जाताना त्याला स्वतःची लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सांगायचा.

त्या सामन्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हा संघानं त्याची पितळी पाटी करायला घेतली. मजकूर आधी डेल्बर्टला दाखवला: "इंगा हॉगेन हिच्या एका शब्दामुळे डेल्बर्ट क्रुप्काचा नो-हिटर याच मैदानावर हुकला." त्या दिवशी त्यानं फुकटची कॉफी तशीच परत सरकवली. गप्पा माणसाबरोबर जातात, पितळ जात नाही. इंगाची नातवंडं हे वाचणार होती.

पाटीच्या समारंभात तो माईकपुढे उभा राहिला.

"पाचव्या डावात हिट बसला होता," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. ऑर्विललाही. पोरीनं माझं काहीही घालवलं नाही. मी चाळीस वर्षं खोटं बोललो."

सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. "बघा, म्हातारा अजून तिच्यासाठी सगळं अंगावर घेतोय!" बेकरीवाल्या बाईंची लेक डोळे पुसत म्हणाली. "याला म्हणतात मोठेपणा!" नगराध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पाटीवरचा पडदा ओढला. मजकूर होता तोच होता.

डेल्बर्ट तिसऱ्या रांगेत येऊन धपकन बसला. "इंगा, एकानंही विश्वास ठेवला नाही गं."

"कसा ठेवतील? चाळीस वर्षं तूच शिकवलंयस त्यांना." तिनं पर्समधून वड्यांची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. "आज तू विसरणार, माहीत होतं मला."

त्याच्यानं पुडी उघडवेना. "तुझ्याकडे वही होती. एवढं ऐकून घेतलंस, मग दाखवली का नाहीस कुणाला?"

इंगानं पुडी त्याच्या हातातून घेऊन उघडली आणि एक वडी तोंडात टाकली.

"वड्या बंद झाल्या असत्या ना," ती म्हणाली.