बोरीच्या लाकडाची मूठ

दादाच्या पँटचा उजवा खिसा मी त्या वर्षात इतक्या वेळा शिवला, की शेवटी मला त्या खिशाचाच राग यायला लागला. जाड कापड लावलं, दुहेरी टीप मारली, तरी थोडे दिवस गेले की त्याची सून पिशवी घेऊन माझ्या दुकानाच्या दारात हजर. "काका, पुन्हा फाटला." शिलाईचा दोष नव्हता. दादा दिवसभर त्या खिशात हात घालून चाकू शोधायचा, आणि चाकू तिथं नव्हता.

दादा म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या मूठवाल्याचा थोरला भाऊ. घडी करून खिशात ठेवायचे चाकू हा त्या दोघांचा धंदा. पाती दादाची, मुठी धाकट्याची. दादा महातापट. पातं मनासारखं उतरलं नाही की दोष धाकट्याला, उतरलं की श्रेय स्वतःला. आमची भिंत एकच, त्यामुळे ती भांडणं मला फुकटात ऐकायला मिळायची. पुढे दादा विसरायला लागला. आधी गिऱ्हाईकं विसरला, मग घराचा रस्ता, मग सून, आणि सगळ्यात शेवटी धाकटा भाऊ. एक दिवस पेरू कापताना त्यानं तळहात चिरून घेतला आणि रक्ताकडे नुसता बघत बसला. त्याच्या मुलानं घाबरून चाकू कचऱ्याच्या गाडीत टाकला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून दादाचा हात खिशातून निघेना. जेवता जेवता उठायचा, "माझा चाकू कुणी घेतला?" म्हणून लहान मुलासारखा रडायचा.

एकदा सून खिसा घेऊन आली तेव्हा मूठवाला माझ्याकडेच बसला होता. ती त्याच्यासमोर रडली. "काका, मी हात टेकले. घास तोंडात जात नाही त्यांच्या."

मूठवाला फाटक्या खिशाच्या भोकातून बोट बाहेर काढून बघत राहिला. मग म्हणाला, "मी देतो करून. पात्याला धार ठेवत नाही, टोक गोल करतो. हात कापायचा नाही."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण हा बाबा लाकडातच अडकला. बाकावर तुकडे मांडायचा, एकेक मुठीत धरून डोळे मिटायचा, आणि बाजूला टाकायचा. शिसम जड, खिसा खाली ओढतं. अक्रोड हलकं, हातात काही आहे असं वाटतच नाही. चिंच गार लागते. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

"अरे, जो माणूस तुला ओळखत नाही, तो लाकूड काय ओळखणार? घे कुठलाही तुकडा!"

"तो नाही ओळखणार," मूठवाला म्हणाला. "त्याचा हात ओळखेल."

जुन्या चाकूची मूठ बोरीची होती. धाकट्यानं आयुष्यात केलेली पहिली मूठ, जराशी वाकडी. दादानं तेव्हा तिला भरपूर नावं ठेवली, आणि जन्मभर तोच चाकू खिशात बाळगला. अंगठा टेकायच्या जागी तिला खळगी पडली होती. मूठवाल्यानं बाजारातून बोरीचं लाकूड आणून पाहिलं, तेही जमेना. नवं लाकूड खरखरीत लागतं, म्हणाला, घाम प्यायलेलं हवं.

मग एका दुपारी भिंतीपलीकडे करवतीचा आवाज आला. मी डोकावलो आणि कपाळावर हात मारला. दादाचा हातोडा खुंटीवरून खाली आला होता. त्याचा दांडा जुन्या मुठीच्याच बोरीचा, त्याच फांदीचा, दादाच्या हातांनी काळा पडलेला. मूठवाला तो कापत होता.

"वेडबिड लागलंय का तुला? अरे, दादाचा हातोडा तो!"

"आता कोण मारणार आहे घण?" तो म्हणाला. मान वर केली नाही त्यानं. मी माझ्या दुकानात येऊन मशीनवर बसलो. इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो होतो, त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

मूठ झाली. खळगी त्यानं आठवणीवरून कोरली. पातं मऊ पत्र्याचं, लहान मुलाच्या हातात दिलं तरी चालेल असं. आम्ही दोघं दादाच्या घरी गेलो. दादा खिडकीशी खुर्चीवर बसला होता, हात खिशात. मूठवाल्यानं तो हात हळूच बाहेर काढला आणि चाकू तळव्यावर ठेवला.

अंगठा आपोआप खळगीत जाऊन बसला. दादाचा चेहरा सैल झाला. त्यानं मूठ गालाला लावली. सुनेनं पदर तोंडाला लावला. मूठवाला माझ्याकडे असा बघत होता, जणू सगळं जग त्यानं जिंकलं होतं, आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग दादानं पातं उघडलं. अंगठा पात्यावर आडवा फिरवला, सगळे कारागीर फिरवतात तसा. पुन्हा फिरवला. आम्ही तिघांनीही पात्याचा विचारच केला नव्हता. आमच्या दृष्टीनं बोथट पातं म्हणजे सुरक्षित पातं.

"मूठ माझ्या भावाची आहे," दादा म्हणाला. कित्येक महिन्यांनंतर इतकं स्पष्ट बोलला तो. "पण हे पातं? त्याच्या मुठीत हा पत्रा कुणी बसवला? तो असा पत्रा बसवू देणार नाही." त्यानं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. "काय झालं त्याला? गेला का तो?"

"दादा, मी इथंच आहे. बघ ना माझ्याकडे."

"तुम्ही कोण?" दादानं विचारलं, आणि भावासाठी ढसाढसा रडायला लागला. भाऊ समोर उभा होता.

चाकू काढून घेतला तर पुन्हा खिसा चाचपणं सुरू. ठेवला तर हात लागला की भाऊ नव्यानं मेला. सुनेनं विचारलं, काय करू? मूठवाला म्हणाला, राहू दे, निदान जेवतो तरी. खरंच दादा जेवायला लागला. खिसा शिवायला येणं थांबलं. त्या खिशाची मी वाट बघेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

मूठवाला आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून तिकडे जातो. त्याला समाचाराला आलेला पाहुणा समजून दादा जवळ बसवतो आणि गेलेल्या भावाबद्दल सांगतो. परवा मीही सोबत होतो. दादा चाकू हातात फिरवत म्हणाला, "भांडायचो आम्ही फार. पण लाकूड निवडावं तर त्यानं. कधी चुकला नाही."

मूठवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "एकदा चुकला."

दादा ताडकन उठला. पूर्वी भिंतीपलीकडून यायचा तोच आवाज.

"तुम्हाला काय माहीत हो त्याचं?"