अंगणातलं तेल आणि गाडीची किल्ली

आमच्या घरात थोरले दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. तापीकाठच्या आमच्या गावात ही रीत अजून पाळतात. मी पदर घेऊन समोर उभी असले तरी त्यांचं बोलणं माझ्या नवऱ्याकडे तोंड करून चालतं. अंगणातल्या नव्या फरशीवर इंजिन ऑईलचे डाग दिसले, तेव्हाही ते नवऱ्यालाच म्हणाले, "तिले सांग, गाडी चालाडनं म्हंजे पोया लाटनं नही. मन्हाजोडे व्हती तवय एक थेंब पडना नही." आणि किल्ली खिशात टाकली.

गाडी सासऱ्यांची. जुनी चारचाकी, पण फारशी न पळालेली. ते गेल्यापासून दिरांनी ती शेडमध्ये झाकून ठेवलेली. त्यांच्याकडे होती तेव्हा ती बंदच; बंद इंजिनातून थेंब पडणार कुठून? नंदुरबारच्या नोकरीसाठी मी ती बाहेर काढली आणि एसटीच्या नावानं बोटं मोडणं संपलं. आता पुन्हा फाट्यावर उभी राहिले, तर येणारा-जाणारा विचारायचा, "गाडीले काय व्हयनं?" मला भयंकर राग आला होता, आणि तो मला विझू द्यायचा नव्हता.

दुसरी किल्ली सासूबाईंच्या डब्यात होती. सुटीच्या दिवशी दीर शेतात गेल्यावर त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. दिरांचं म्हणणं होतं, मी गाडी दगडावर आपटून इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फोडला. पण तेल नेहमी वरून खाली ओघळतं. मी रॉकेलच्या फडक्यानं इंजिन पुसलं, कोरडं केलं, सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू ठेवली. सासूबाई बॅटरीचा उजेड धरून वाकल्या. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उतरली. ती निघत होती इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या मागच्या कडेतून. चेंबर नुसता माखला होता, फुटला नव्हता.

इंजिन गार झाल्यावर झाकण खोललं. त्याखालचं रबरी पॅकिंग पापडासारखं मोडलं. वर्षानुवर्षं उभ्या उभ्या ते वाळून गेलं होतं. म्हणजे गाडी बिघडली ती यांच्या जपण्यानं, आणि नाव माझं!

नवं पॅकिंग आणून बसवलं. गाडी तासभर सुरू ठेवली, फरशी कोरडी राहिली. दुसरी किल्ली सासूबाईंच्या डब्यात परत गेली. जुन्या पॅकिंगचे तुकडे मी बशीत घालून दिरांच्या चहाबरोबर पाठवले. त्यांनी चहा तेवढा घेतला. किल्ली दिली नाही. मी मागितली नाही, वाट बघितली.

मग त्यांच्या मुलासाठी खापर गावी मुलगी बघायला जायचं ठरलं. दिरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना गाडी चालवायची मनाई. माझ्या नवऱ्याला तर गाडी येतच नाही. इस्त्रीचे कपडे घालून दीर अंगणात आले आणि नवऱ्याला म्हणाले, "तिले गाडी काढाले सांग."

मी पदर सारखा केला आणि नवऱ्यालाच म्हटलं, "त्यास्ले सांगा, मन्हासंगे बोला."

नवरा चपला घालायला वाकला. शेवटी दिरांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "बाई, गाडी काढ."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी विचारलं, "काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं.

त्यांना मी मागच्या सीटवर बसवलं. मला खड्डे उत्तम चुकवता येतात. त्या दिवशी खापरपर्यंत एकही चुकवला नाही. पुढं बसलेल्या सासूबाईंना मी आधीच उशी दिली होती.