रेंजच्या ओट्यावरची आंडेर

सरळच सांगते, मी खानदेशात गेले ती भरितासाठी. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पुण्याच्या ऑफिसातली माझी मैत्रीण सुनंदा धुळ्याजवळच्या एका गावची. माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. "हिवाळ्यात गावी चल, मग वांगं म्हणजे काय ते कळेल," म्हणाली. रजा टाकली आणि निघालो.

सकाळी जळगावला उतरलो. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका खानावळीत काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली मिरची, वर कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी असं ताट पुढे आलं. पंचवीस रुपयांत पोटभर. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी आणखी वाढून घेत होते. सुनंदाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी हार मानली.

जेवून ती एसटीडी बूथमध्ये शिरली आणि बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. तिची थोरली बहीण रेखा सुरतेला सासरी होती. दुसरं बाळंतपण, प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी तिथेच थांबवलेलं, आई तिच्या सोबतीला. सकाळी रक्तदाब एकदम चढला म्हणून तिला दवाखान्यात हलवलं होतं. गावी घरी एकटे वडील, नाना. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, कारण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून गावातले फोन आठवडाभर मुके होते.

मिळेल त्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. रस्ता अरुंद आणि ट्रकांनी भरलेला, पण दोन्हीकडे फुटलेल्या कापसाचं रान असं पांढरंशुभ्र की एरवी मी खिडकी सोडली नसती. धुळ्याच्या स्टँडवरून सुनंदाने पुन्हा सुरतेला फोन लावला. रेखाला ऑपरेशनला नेलं होतं. धुळ्याच्या शेवभाजीची कीर्ती मी ऐकून होते. पण हॉटेलांकडे न बघता साक्रीच्या गाडीत चढलो.

नाना अंगणात बैलांना कडबा घालत होते. सुनंदाने सांगितलं तसे ते खाली बसले, मग लगेच उठून डोक्यावर टोपी चढवली. "चाला, मोतीशेठकडे."

मोतीशेठ म्हणजे गावातले मारवाडी किराणा दुकानदार. कापसाचे भाव कळावेत म्हणून त्यांनी मोबाइल घेतला होता, गावातला एकुलता एक. रेखाच्या नवऱ्याकडे, म्हणजे नानांच्या जावयाकडे, तो नंबर होताच. गंमत अशी की दुकानात त्या मोबाइलचा उपयोग फार तर तराजूतल्या वजनासारखा! धुळ्याच्या टॉवरची रेंज यायची ती फक्त गावाबाहेरच्या टेकाडावर, देवीच्या देवळाच्या ओट्यावर. त्याला सगळे रेंजचा ओटाच म्हणत. शेठनी निम्मी गिऱ्हाइकं तशीच सोडून दुकानाची फळी लावली.

टेकाड चढेपर्यंत मागे अर्धं गाव आलं होतं. कुणी पाण्याची कळशी आणली, कुणी नानांसाठी घोंगडी. एका आजोबांनी मला विचारलं, "आमना गावले टावर कवय येई वं बाई?" टॉवर कधी येणार ते मीच सांगायचं, पुण्याची म्हणजे तो माझ्या पर्समध्येच असावा! आपल्याकडे शेजारच्या दारात ॲम्ब्युलन्स आली तर आपण पडद्याआडून बघतो. या माणसांवर माझा तिथेच जीव जडला.

शेठ फोन डोक्यावर धरून उभे. "रेंज शे का?" "उनी, पन थांबत नही." रेंज यायची आणि लगेच जायची.

ऊन कलताना फोन वाजला. शेठनी तो नानांच्या कानाशी धरला. जावयाचा आवाज बाजूच्या आम्हालाही ऐकू आला. "नाना, आंडेर..." आणि फोन तुटला.

"आंडेर व्हयनी! लक्ष्मी उनी!" सगळे ओरडले. आंडेर म्हणजे मुलगी. कुणीतरी गूळ आणायला पळालंसुद्धा. मीही टाळ्या वाजवत होते.

नाना मात्र तसेच उभे. "कोनी आंडेर?" ते हळूच म्हणाले. "त्यानी का मनी?"

कुणाची मुलगी, जावयाची की नानांची स्वतःची? टाळ्या थांबल्या. सुनंदाने माझा दंड घट्ट पकडला.

शेठनी नंबर फिरवला, पुन्हा फिरवला. लागेना. तेव्हा आलेला फोन घेतला तरी पैसे पडायचे, बॅटरीही उतरत आलेली. नाना संकोचाने म्हणाले, "शेठ, तुमनं दुकान..." शेठनी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं. "बठ्ठी बॅटरी सरू दे. आपन आठेच बठसूत." मग सगळेच तिथे बसून राहिले. खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

दिवेलागणीला फोन आला. या वेळी जावई घाईघाईने, एका दमात बोलला. "नाना, दोन्ही बऱ्या शेतस. तुमनी आंडेर बी, मनी आंडेर बी."

नानांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि ते रडले. गूळ आला होता, पण वाटायचं कुणाला सुचत नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही घरोघरी जेवलो. परतताना धुळ्याची शेवभाजी खाल्ली आणि तिची कीर्ती खरी निघाली. जाणार असाल तर थंडीतच जा, आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. त्या रस्त्यावर आता म्हणे पावलोपावली टॉवर आहेत.

गेल्या वर्षी माझी मुलगी बाळंत झाली, दूर बंगळुरूला. जावयाने व्हिडिओ कॉल केला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. "आई, मुलगी झाली!" घरात एकच गलका उडाला.

"आणि माझी?" मी विचारलं.

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने फोन तिच्या खाटेकडे वळवला.