चार काड्यांचा गूल

रवळूअण्णा गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाला. छत्तीस वर्षं त्यानं तिथं एकच काम केलं. तयार झालेले लोखंडी भाग कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. लेथ मशीनवर ये म्हणून मालकानं स्वतः तीनदा बोलावलं होतं. हा दरवेळी एकच सांगायचा, "मापाचं काम मला नको. माझा अंदाज चुकतोय." लोक त्याला भित्रा म्हणाले, मठ्ठ म्हणाले. ते बोलणं मीही त्याच्याच सोप्यात बसून, त्याच्याच घरचा चहा पीत ऐकलंय आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय. माझ्यासारखा नालायक कंग्राळीच्या शिवारात दुसरा सापडायचा नाही.

रवळू माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही बेळगावात राहायचो आणि परीक्षा संपली की मी कंग्राळीला मामाकडे पळायचो. वैशाखात शिवजयंती आली की बेळगावात चित्ररथ निघायचे. त्याच्या आधी आठ-दहा दिवस गावातली पोरं नुसता दणदणाट करायची. विकतचे फटाके मिळायचे ते दिवाळीला, तेही मोजून. उन्हाळ्यातला आवाज ज्याचा त्यानं घरीच करायचा. त्यात सगळ्यात वरचढ म्हणजे चावीबार. जुन्या कुलपाची मोठी पोकळ चावी घ्यायची, तिच्यात काडेपेटीच्या काड्यांचा गूल खरवडून भरायचा, वर खिळा बसवायचा आणि दोरीला बांधून दगडावर आपटायची.

आमचं सगळ्यांचं व्हायचं ते फुसकं. रवळूचा बार मात्र मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जायचा. त्याचं सगळं मापावर असे. भोकात करंगळीचं नख घालून बघायचा आणि सांगायचा, "ह्या चावीला चार काड्या. पाचवी घातलास तर घात." खिळाही तो चावी कानाशी धरून बसवायचा. आत गूल कसा करकरतो ते ऐकून त्याला कळायचं म्हणे. तेरा वर्षांचं पोर, पण मामा मोटेचं चाक बिघडलं तरी आधी त्यालाच हाक मारायचे. ह्याला लेथवर घालायचा, असं त्यांचं ठरूनही गेलं होतं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी वरच्या गल्लीतल्या आण्णाप्पानं मला सगळ्यांदेखत डिवचलं. "बेळगावच्या सायबाचा बार म्हंजे म्हशीची शिंक!" मला असा राग आला की रवळूची पाठ वळताच मी त्याच्या चावीत नऊ काड्यांचा गूल ठासला. खिळा लावून आपटली, तर काहीच झालं नाही. पोरं खो खो हसली. रवळू धावत आला आणि चावी उचलून त्यानं विचारलं, "किती घातलास रं?"

"चार," मी म्हणालो.

माझ्या शब्दावर विसंबून त्यानं चावी कानाशी धरली आणि खिळा जरासा फिरवला.

डाव्या कानाचा पडदा गेला. मानेवरून रक्त वाहत होतं आणि राजाबाई मामी ऊर बडवत होती. मामांनी विचारलं तेव्हा रवळूच म्हणाला, "चारच हुत्या. माझाच अंदाज चुकला." मी दाराआड उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. पुढं मी शिकलो, बँकेत लागलो, वर्षातून दोनदा त्याच्याकडे जेवून आलो आणि बोललो नाही. त्यानं मात्र त्या दिवसानंतर हातात साधी पट्टीसुद्धा धरली नाही.

परवा शिवजयंतीला गेलो होतो. त्याचा नातू ओमकार कुठलीशी जुनी चावी घेऊन आला. मोबाईलवर बघून त्याला चावीबार पाहिजे होता. रवळू म्हणाला, "न्हाय रं बाळा. चारच काड्या घातल्या हुत्या, तरी कान गेला. आज्जाच्या हाताला माप न्हाय."

मला ते ऐकवेना. उठून त्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसलो. "अण्णा, चार नव्हत्या. नऊ होत्या. मी खोटं बोललो."

"नऊ?"

"नऊ."

 त्यानं एक थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटत होतं. पण तो हळूच म्हणाला, "मग माझं माप बरोबर हुतं?"

"बरोबर होतं, अण्णा."

त्यानं ओमकारच्या हातातली चावी मागून घेतली. उजेडाकडे धरून भोकात करंगळीचं नख घातलं. "हिला तीन," तो म्हणाला. आणि चावी माझ्या हातात दिली.

"छत्तीस वर्षं खोकी भरली की रं मी, केशव."